सा तिथेच, ग सरकला: कंट्री म्युझिकमधली स्टील गिटार कुठे गेली?

२००२ मध्ये शनाया ट्वेन या कॅनेडियन गायिकेचा 'अप!' नावाचा अल्बम आला होता, आणि त्यातली एक गंमत मला आजही लॅबमधल्या प्रयोगासारखी वाटते. गाणी तीच, आवाज तोच, पण सीडी तीन रंगांच्या. लाल म्हणजे पॉप, हिरवी म्हणजे कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं लोकप्रिय संगीत), आणि निळी म्हणजे चक्क आपल्याकडच्या वळणाची, भारतीय वाद्यं आणि ठेके घालून केलेली. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी विकली, बाकी जगात लाल-निळी. आता गाणं तेच असेल तर हिरव्या सीडीत असं काय घातलं की ते कंट्री झालं? बँजो, फिडल (म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार. लाल करताना काय काढलं? तेच! म्हणजे कंट्रीपणा चालीत नव्हताच, तो फोडणीसारखा होता, गिऱ्हाईक बघून घालायचा नाहीतर नाही घालायचा.

आणि जी गोष्ट फोडणी म्हणून वापरतात ती एक दिवस वगळली तरी चालतं असं कुणाच्यातरी लक्षात येतंच. २००० च्या आसपास नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या राजधानीत, ही फोडणी गायब होतेय अशी ओरड इतकी वाढली होती की जॉर्ज स्ट्रेट आणि ॲलन जॅक्सन या त्या काळच्या दोन मोठ्या स्टार्सनी मिळून एक गाणंच गायलं, कंट्रीचा खून झालाय अशा अर्थाचं, आणि त्यात स्टील गिटार गायब झाल्याची तक्रार आहे. पण "आजकालच्या पोरांना चव नाही" एवढं म्हणून सोडून दिलं तर मजा नाही. हे वाद्य बाहेर पडायला त्याचं स्वतःचं भौतिकशास्त्रही बरंच जबाबदार आहे, आणि मला ते सांगायचंय.

आधी नावाचा घोळ. स्टील गिटार म्हणजे पोलादाची गिटार नाही. डाव्या हातात स्टीलचा दांडका असतो, त्याला बार म्हणतात, तो तारांवर ठेवून सरकवायचा म्हणून स्टील गिटार. गिटार आडवी, मांडीवर किंवा पायांच्या स्टँडवर. ही युक्ती हवाईची. ओआहू बेटावरच्या लाये गावातला जोसेफ केकुकू नावाचा मुलगा १८८० च्या दशकात असं वाजवायला लागला असं मानतात, रुळावर सापडलेला बोल्ट तारांवर घासून बघितला वगैरे गोष्टही सांगतात. (दुसरा एक दावा असा की हवाईत त्याच्या आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, जन्माने भारतातला, एक खलाशी असं काहीतरी वाजवत होता. खरं असेल तर भारीच, पण मी यावर पैज लावणार नाही.) केकुकू १९०४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात लाखो लोकांनी हवाईयन संगीत ऐकलं, आणि मग त्याचं वेडच पसरलं.

पुढे बँड मोठे झाले, डान्स हॉलच्या गलक्यात गिटार ऐकू येईना, म्हणून वीज लावायची ठरली. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची ॲल्युमिनियमची इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवरची स्टील गिटार होती, दिसायला अगदी तव्यासारखी, टोपणनावही 'फ्राइंग पॅन'. लिओ फेंडरनेही १९४५ च्या सुमारास सुरुवात केली ती लॅप स्टील विकूनच. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार नावाचं जे काही आहे ते स्टील गिटारच्या पोटातून आलंय, आणि पुढे त्याच लेकराने आईला घराबाहेर काढलं. त्यामुळे कोणी स्टील गिटारला "जुनं पारंपरिक वाद्य" म्हटलं की मला हसू येतं. त्या काळच्या बँडमध्ये स्टेजवरचं सगळ्यात आधुनिक यंत्र तेच होतं.

आता मुख्य भाग. साध्या स्टील गिटारची अडचण अशी की बार सरळ असतो. तारा एका कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) लावल्या की बार सरकवल्यावर पूर्ण कॉर्ड तशीच्या तशी वर जाते. सा-ग-प वाजवलं आणि बार दोन घरं वर नेला की तिन्ही सूर सारखेच वर. बार तिरका धरून थोडं जमतं, पण थोडंच. मग लोकांनी पेडल लावली, पायाने दाबलं की आतल्या सळीने विशिष्ट तार ओढली जायची आणि तिचा सूर चढायचा. सुरुवातीला याचा उपयोग ट्यूनिंग बदलण्यापुरताच, म्हणजे आधी पेडल दाबा मग वाजवा. बड आयझॅक्स या स्टीलवाल्याने वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात (१९५४ साली नंबर एकवर गेलं) तार वाजत असतानाच पेडल दाबलं. झालं, सगळ्या नॅशव्हिलचे कान टवकारले.

काय ऐकू आलं ते सरगममध्ये सांगतो, आपल्याला लगेच कळेल. सा-ग-प वाजतंय. पेडल दाबली की सा जागचा हलत नाही, ग सरकत सरकत म वर जातो आणि प सरकत ध वर जातो. एक सूर स्थिर, दोन सुरांची मींड, तीही दोघांची वेगवेगळ्या अंतराची! सारंगीवर मींड येते, सतारीवर येते, गळ्यात तर येतेच, पण एकाच वेळी तीन सुरांतला एक धरून ठेवून बाकीच्या दोघांना वेगवेगळं चालवणं हे या यंत्राचंच काम. ज्याला लोक "स्टील गिटारचं रडणं" म्हणतात ते हेच. पुढे बडी एमन्स या दुसऱ्या स्टीलवाल्याने हे दोन बदल दोन वेगळ्या पेडलवर वाटले, मग ग एकटा चालवा, प एकटा चालवा, दोन्ही चालवा, तुमची मर्जी.

यात ताकद किती लागते बघा. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक पूर्ण सूर चढवायचा म्हणजे कंपनसंख्या साधारण १२ टक्के वाढवायची, आणि त्यासाठी ताण २६ टक्के वाढवावा लागतो. पाय दाबला की क्षणात २६ टक्के, सोडला की परत मूळ जागी, गाण्यात शेकडो वेळा, आणि प्रत्येक वेळी सूर तिथेच लागला पाहिजे. एवढ्या ओढाताणीने लाकडी खोका किंचित वाकतो आणि ज्या तारांना हात लावलेला नाही त्या दोन-चार सेंट उतरतात (अर्ध्या सुराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे सेंट). वादक याला 'कॅबिनेट ड्रॉप' म्हणतात आणि त्यावर तासनतास वाद घालतात.

बारचं गणित आणखी वाईट. तारेची लांबी साधारण २४ इंच, पडदे नाहीत, नुसत्या रेघा आखलेल्या. बाराव्या रेघेवर बार एक मिलिमीटर चुकला तर सूर सुमारे ६ सेंट हलतो, आणि तयार कान ५-६ सेंटचा फरक पकडतो. म्हणजे चुकायला परवानगी एका मिलिमीटरची, तीसुद्धा दोनशे ग्रॅमच्या वर वजनाचा दांडका हातात धरून, डावा पाय पेडलवर, उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर, दोन्ही गुडघे आणखी चार-पाच दांड्यांवर, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या. शिवणाचं मशीन चालवता चालवता सतार वाजवायची असं काहीतरी.

उजव्या पायातल्या व्हॉल्यूम पेडलला लोक दुय्यम समजतात, पण अर्धी जादू तिथे आहे. तार छेडली की सुरुवातीला एक टोकदार 'टण्' येतो, आणि कुठलं वाद्य वाजतंय हे मेंदू बऱ्याच अंशी त्या सुरुवातीवरून ओळखतो. स्टीलवाला आवाज कमी ठेवून छेडतो, मग पेडल हळूहळू उघडतो. 'टण्' गेला, उरला नुसता फुगत जाणारा सूर, आणि तार विझायला लागली की पेडल आणखी उघडून तिला जिवंत ठेवायचं. सुरुवात पुसलेली, मींड आहे, हाताच्या थरथरीने कंप आहे, म्हणजे आपला मेंदू गिटार विसरतो आणि गळा ऐकायला लागतो.

आणि आता तो गंधार. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार, तो ५:४ या प्रमाणात असतो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा, कारण पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करते. यावरून आपल्याकडे काय काय झालंय ते माहितीये ना, आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षं पेटीला बंदी होती. तर बरेच स्टीलवाले आपला गंधार तानपुऱ्यासारखा, उतराच लावतात, कारण त्यांना पडद्यांची सक्ती नाही. तीन तारा एकत्र वाजल्या की त्या भांडत नाहीत, विरघळतात.

आता हे सगळं २००० नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये नेऊन ठेवा.

तिथे सगळं कीबोर्डच्या सुरांवर. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं, गायकाचा आवाजही बारा समान खणांमध्ये बसवला जायला लागला. त्या गाण्यात १४ सेंट उतरा गंधार चूक वाटतो, बरोबर असूनही. मग लाउडनेस. गाणी सलग, शेवटच्या थेंबापर्यंत मोठ्या आवाजात मिक्स करायची पद्धत आली, हळू आणि मोठ्यातला फरकच चेपून टाकायचा. ज्या वाद्याचा प्राण हळूहळू फुगण्यात आहे त्याला अशा मिक्समध्ये काय मिळणार? भरीला फर्र करणाऱ्या रॉक गिटारचे थर, त्यांचे वरचे स्वरांश नेमके स्टीलच्याच पट्ट्यात, १ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास. स्टील वाजतेय पण ऐकू येत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळंच, आणि त्याची चर्चा कमी होते. आज गाणं लॅपटॉपवर जन्मतं. ड्रम हवे, सॅम्पल (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज) टाका. पियानो हवा, टाका. पियानोची कळ एक सूर देते आणि संपली, त्याची नक्कल सोपी. पण सा स्थिर ठेवून ग आणि प सरकवायचे तर? १९८३ च्या मिडी पद्धतीत (की-बोर्ड आणि कंप्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) सूर वाकवायचं, म्हणजे पिच-बेंडचं चाक फिरवलं की एका चॅनलवरचे सगळे सूर एकदम सरकतात, म्हणजे आपण परत १९५३ मध्ये, बार सरळ, पूर्ण कॉर्ड वर! प्रत्येक सुराला वेगळं वाकवायची अधिकृत सोय २०१८ मध्ये आली, आणि ती आल्यावरही पाय-गुडघे-बार यांचा तो मेळ की-बोर्डवर बसवणं म्हणजे डोकेदुखीच. जे वाद्य डेमोमध्ये, म्हणजे गाण्याच्या पहिल्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, येत नाही ते गाण्याच्या रचनेतच येत नाही, आणि शेवटी खऱ्या वादकाला बोलावलं तरी त्याला जागा कुठे ठेवलेली असते.

जागेवरून आठवलं, जुन्या कंट्रीत गायक एक ओळ म्हणतो आणि थांबतो, त्या थांब्यात स्टील उत्तर देते, भजनात ओळ संपली की टाळकरी उचलतात तसं. नव्या गाण्यांत शब्द ठासून भरलेले, रॅपच्या वळणाचे, वर कोरसचे थर. थांबाच नाही तर उत्तर कुठे देणार.

हा ऱ्हास काही सरळ उतरता जिना नाही हेही सांगायला हवं. १९५० च्या दशकाच्या शेवटी चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली वगैरे निर्मात्यांनी शहरी श्रोत्यांसाठी स्टील-फिडल काढून व्हायोलिनचे ताफे आणि कोरस आणलाच होता. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डहून बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्डच्या कंपूने, टॉम ब्रमली आणि राल्फ मूनीसारख्या स्टीलवाल्यांना घेऊन ती परत आणली. १९८० च्या दशकात पुन्हा तेच, गेली आणि जुन्या वळणाच्या गायकांनी परत आणली. आताही झॅक टॉपसारखी तरुण पोरं मुद्दाम स्टील पुढे ठेवून गातायत. फरक एवढाच वाटतो की पूर्वी ती नसणं हा फॅशनचा प्रश्न होता, आता कारखान्याची रचनाच तिच्याविरुद्ध आहे.

आणि वाद्य कंट्रीवाचून अडलंय असंही नाही. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीय चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून ऑर्गनच्या जागी स्टील वाजते, तिथूनच रॉबर्ट रँडॉल्फ आला आणि २०२४ च्या बियॉन्सेच्या कंट्री अल्बमवर वाजवून गेला. ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकाराने १९८३ मध्ये चांद्रमोहिमांवरच्या माहितीपटाच्या संगीतात डॅनियल लॅनवाकडून पेडल स्टील वाजवून घेतली, कारण अंतराळवीरांनी सोबत कंट्रीच्या कॅसेट नेल्या होत्या.

आपल्याकडे तर ती केव्हाच वेगळ्या घरी नांदायला गेली. हवाईचा टाऊ मो कलकत्त्यात येऊन राहिला, वाजवलं, शिकवलं. मुंबईत व्हॅन शिपलेने सिनेमाच्या चाली स्टीलवर वाजवल्या, रेडिओवर शब्द नसलेली गाणी लागायची ती आठवत असतील, गायकाच्या जागी गिटार. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले, विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या तारा लावून मोहनवीणा केली. यांच्यापैकी कुणालाच पेडल लागली नाहीत. आपल्याला कॉर्ड नकोच होती, एकच सूर नीट सरकवायचा होता, त्याला बार पुरेसा होता.