नॉब कोणत्या कामाचा, हे कसं ठरलं

पेडण्यात किंवा डिचोलीत जत्रेला पौराणिक नाटक लागलं की मिक्सरपाशी बसलेल्या माणसाला आकाशवाणीच्या वाक्यावर प्रतिध्वनी चढवायचा असतो आणि पुढच्या पात्राने तोंड उघडायच्या आत उतरवायचा असतो. हा प्रतिध्वनी, म्हणजे इको, आता लॅपटॉपमधल्या प्लगइनमध्ये (ध्वनीच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. अंधारात माऊसने हे जमत नाही. म्हणून छोटा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला आज्ञा पाठवणारं नॉबांचं उपकरण) जोडून त्याचा एक नॉब इकोला लावून देतात.

जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांत असं लावून देण्याची गरजच नव्हती. पेटीचा स्टॉपर ओढला की हवा ठरलेल्या सूरपट्ट्यांकडेच जाते, तसा नॉबखालचा पॉट (फिरवला की रोध बदलणारा भाग) सर्किटमध्ये एकाच जागी डाख दिलेला असे. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि नॉबांची रांगच गेली. बटणाने पॅरामीटर (आवाजाचा बदलता येणारा एखादा गुण) निवडायचा, मग एकाच सरकपट्टीने तो बदलायचा. आवाज अप्रतिम होते, पण वाजवता वाजवता ते घडवणं अवघड झालं. हे नुकसान मला मोठं वाटतं.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून आलेली ही मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. तिच्यात नॉब आवाज पाठवत नाही, आकडे पाठवतो: चॅनेल कोणता, कंट्रोलर कितवा, किंमत किती. ७ म्हणजे व्हॉल्यूम, १० म्हणजे डावं-उजवं, ६४ म्हणजे सस्टेन पेडल. किंमत ० ते १२७. व्हॉल्यूमला तेवढं पुरतं, पण फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारी सोय) हळूहळू उघडताना या १२८ पायऱ्या कधी कधी कानाला कळतात. दोन आकडे जोडून १६,३८४ पायऱ्या करण्याची सोय मूळ नियमांतच आहे, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते.

१९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र आणलं आणि इफेक्ट संगणकात शिरले. तिथे पॅरामीटर ० ते १ या टप्प्यात चालतो, आणि प्रत्येक प्लगइनचे पॅरामीटर वेगळे. कोणता नॉब कशाला, याची सर्वांना चालेल अशी यादी करणं शक्यच नव्हतं. त्यातून 'मिडी लर्न' रुळलं: पडद्यावरचा पॅरामीटर निवडा, हातातला नॉब फिरवा, जोडी जमली.

अडचण उरते ती प्रीसेट (आधी साठवून ठेवलेली मांडणी) बदलल्यावर. सॉफ्टवेअरमधला इको शून्यावर, हातातला नॉब मात्र ९० वर राहिलेला. जरा हात लागला की इको एकदम उसळतो, तोही नेमका हळव्या प्रसंगात. यावर 'पिकअप' हा उपाय आहे: नॉब त्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याचं ऐकत नाही. न थांबता गोल फिरणारे एन्कोडर नावाचे नॉब आणि मोटर लावलेले फेडर, म्हणजे आपोआप सरकणाऱ्या सरकपट्ट्या, हेही याच दुखण्यावर उपयोगी पडतात. नाटकाला बसणाऱ्याने पिकअप आधी चालू करावं, हे मी आग्रहाने सांगेन.

२०२० च्या मिडी २.० मध्ये किंमत ३२ बिटांची झाली, म्हणजे पायऱ्या कितीतरी वाढल्या, आणि उपकरणं एकमेकांना आपली माहिती विचारू लागली. आपल्याकडच्या बहुतेक मंडपांत मात्र अजून ० ते १२७ च चालतं, आणि कोणता नॉब इकोचा हे त्याखालच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं असतं.