प्रवेश नियंत्रण प्रणाली व संदेश रांग
दारावरील कार्डवाचक, नियंत्रक व विद्युत कुलूप यांच्या यंत्रणेतील घटना हजेरी, मनुष्यबळ, अभ्यागत नोंद, सीसीटीव्ही इ. सॉफ्टवेअरपर्यंत आणि तिकडचे बदल परत यंत्रणेपर्यंत मध्यस्थ रांगेमार्फत पोहोचविण्याची पद्धती. पाठविणारा संदेश रांगेत ठेवून मोकळा होतो व घेणारा तो सवडीने उचलतो. दोघे एकाच वेळी चालू असावे लागत नाहीत.

संदेश रांगेचा उगम कुठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत १९६० च्या दशकाच्या अखेरच्या सुमारास व्यवहारांचे संदेश रांगेत धरले जात. काही जण तेथूनच सुरुवात धरतात. दुसरे मत १९८० च्या दशकातील टेकनेक्रॉन कंपनीच्या ‘इन्फर्मेशन बस’ला मान देते. मात्र हमीपूर्वक पोहोच देणारे स्वतंत्र उत्पादन हा निकष लावल्यास आयबीएमची एमक्यूसीरीज (१९९३) अधिक ग्राह्य वाटते. एएमक्यूपी या संदेशवहनाच्या खुल्या नियमसंचाची (प्रोटोकॉलची) सुरुवात २००३ च्या सुमारास जेपी मॉर्गन चेस बँकेत जॉन ओ’हारा यांनी केली. एमक्यूटीटी ही संदेशवहनाची हलकी नियमावली (१९९९) अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी रचली. तिच्या नावातील ‘एमक्यू’ आयबीएमच्या उत्पादनमालिकेवरून आले आहे. तिच्यात विषयवार प्रकाशन व वर्गणी असते (पाठविणारा विषयाच्या नावाने संदेश प्रसिद्ध करतो व त्या विषयाचे वर्गणीदार तो घेतात), रूढ अर्थाची रांग नसते. तरीही व्यवहारात तिला सर्रास रांगच म्हणतात.

वाचक ते नियंत्रक या टप्प्यात रांग येत नाही. तेथे कार्डाचा क्रमांक तारेवरून बिटांच्या रूपात नेणारी वीगँड जोडणी (प्रचलित मांडणी २६ बिटांची : ८ संकुल क्रमांकाचे, १६ कार्ड क्रमांकाचे, २ चूक ओळखणारे समता बिट) किंवा ओएसडीपी हा प्रोटोकॉल (आयईसी ६०८३९-११-५, २०२०) वापरतात. दार उघडायचे की नाही हा निर्णय नियंत्रकाने स्वतःच्या स्मृतीतील यादीवरून घ्यावा. तो रांगेपलीकडील सर्व्हरवर सोपविल्यास जाळे तुटताच दारे अडतात. आगीच्या वेळी कुलुपे सुटण्याची जोडणीही थेट तारेने असावी.

पोहोचीची हमी हा या विषयाचा गाभा होय. पोचपावती वाटेत हरवली की पाठविणारा संदेश पुन्हा धाडतो, म्हणून ‘किमान एकदा’ या हमीत एकच प्रवेश दोनदा नोंदला जाऊ शकतो. एमक्यूटीटीची ‘नेमके एकदा’ ही पातळी फक्त जोडलेले उपकरण व मध्यस्थ (संदेश स्वीकारून पुढे देणारा सर्व्हर) यांच्यापुरती असते. हजेरीच्या कोठारापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्येक घटनेला नियंत्रकाची ओळख व चढता अनुक्रमांक देऊन पुनरावृत्ती घेणाऱ्यानेच गाळणे हा उपाय अधिक भरवशाचा. नियंत्रक काही तास तुटलेला असेल, तर साठलेल्या घटना जोडणी परत येताच एकदम उतरतात. अशा वेळी हजेरीसाठी घटनेची वेळ धरावी लागते, संदेश मिळाल्याची नव्हे. नियंत्रकाचे घड्याळ चुकलेले असेल तर तीही फसवी ठरते. ‘दार बळाने उघडले’ ही शिळी सूचना आल्यावर भोंगा वाजवू नये, नोंद मात्र ठेवावी.

उलट दिशेने जाणाऱ्या संदेशांत चूक अधिक महाग पडते. दूरस्थपणे दार उघडण्याच्या आज्ञेला काही सेकंदांची मुदत हवी (एमक्यूटीटी ५.० मध्ये तशी सोय आहे), नाहीतर ती रांगेत पडून राहते आणि तासाभराने जोडणी येताच, समोर कोणी नसताना दार उघडते. कार्ड रद्द करण्याचा संदेश मात्र कधीही मुदतबाह्य होता कामा नये. ‘कार्ड द्या’ व ‘कार्ड रद्द करा’ यांचा क्रम उलटला तर रद्द झालेले कार्ड पुन्हा जिवंत होते. यासाठी केवळ बदल न पाठविता कार्डाची संपूर्ण स्थिती आवृत्ती क्रमांकासह पाठविणे व नियंत्रकाने जुनी आवृत्ती नाकारणे श्रेयस्कर.

रांगेतून माणसांच्या हालचालींच्या नोंदी वाहतात, म्हणून टीएलएस या सुरक्षा-प्रोटोकॉलची कूटबद्धता व विषयवार परवानग्या आवश्यक असतात. हजेरीच्या सॉफ्टवेअरला घटना वाचण्याची मुभा असावी, दार उघडण्याच्या विषयावर लिहिण्याची नसावी.