ब्रॅडी लिस्ट

अमेरिकेत सरकारी वकिलांच्या ऑफिसात एक यादी असते, ज्या पोलिसांच्या साक्षीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही त्यांची. कुणी रिपोर्टमध्ये खोटं लिहिलेलं, कुणी शपथेवर खोटं बोललेला, कुणी पुराव्यात गडबड केलेली. हिलाच ब्रॅडी लिस्ट किंवा गिग्लिओ लिस्ट म्हणतात. सगळ्या देशाची मिळून एकच सरकारी यादी नाहीये, प्रत्येक ऑफिस आपापली ठेवतं, काही ठेवतही नाहीत.

नाव पडलं मेरीलँडच्या जॉन ब्रॅडीवरून. १९५८ चा खून, आरोपी दोघं, ब्रॅडी आणि बॉब्लिट. ब्रॅडी म्हणत होता मी सोबत होतो पण मारलं त्याने. त्याच्या वकिलाने बॉब्लिटचे जबाब बघायला मागितले, बरेचसे दाखवलेही, पण ज्या जबाबात बॉब्लिटने जीव आपणच घेतल्याचं कबूल केलं होतं नेमका तोच दाबून ठेवला आणि ब्रॅडीला मृत्युदंड झाला. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा दडवणं घटनेच्या विरुद्ध आहे. १९७२ च्या गिग्लिओ केसपासून त्यात साक्षीदार किती विश्वासाचा ही माहिती पण धरली जाते, आणि १९९५ च्या काइल्स केसनंतर तर 'पोलिसांनी मला सांगितलंच नाही' ही सबबसुद्धा सरकारी वकिलाला उरली नाही. म्हणून अशा पोलिसांची यादी ठेवायची, म्हणजे आरोपीच्या वकिलाला वेळेवर सांगता येतं.

आपल्याकडे पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, तिथे चालतो, म्हणून तिथल्या पोलिसाचा शब्द कोर्टात किती जड पडतो ते लक्षात घ्यायला पाहिजे.

दुसऱ्या बाजूला पोलिसांनाही संरक्षण आहे आणि त्यातलं काही मला अगदी रास्त वाटतं. १९६७ च्या गॅरिटी केसमध्ये न्यू जर्सीच्या पोलिसांना सांगितलं होतं की उत्तरं द्या नाहीतर नोकरी जाईल, कोर्ट म्हणालं असं धमकावून घेतलेलं बोलणं त्यांच्यावरच्याच फौजदारी खटल्यात वापरायचं नाही. पण मेरीलँडने १९७४ मध्ये पोलिसांसाठी वेगळा हक्क-कायदा केला, चौकशीआधी वकील गाठायला १० दिवस (२०१६ मध्ये ५ केले), आणि शिस्तीचा निकाल बहुतेक पोलिसांच्याच बोर्डाकडे. इतर बऱ्याच राज्यांनी असेच कायदे केले. २०२१ मध्ये मेरीलँडनेच तो रद्द केला, गव्हर्नरचा व्हेटो डावलून.

पुरावा दाखवायचा नियम आणि पोलिसांचं संरक्षण एकमेकांना भिडतात ते पोलिसाच्या नोकरीच्या फाइलवरून. लॉस एंजेलिसच्या शेरीफला (तिथल्या काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख) आपल्या सुमारे ३०० डेप्युटींची, म्हणजे हाताखालच्या पोलिसांची, नावं सरकारी वकिलांना द्यायची होती, त्यांची युनियन कोर्टात गेली की फाइल गोपनीय आहे, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की याच्या फाइलमध्ये काहीतरी आहे एवढा इशारा सरकारी वकिलाला देता येतो. माझ्या मते हे अगदी बरोबर झालं, कारण पिंजऱ्यातल्या माणसाला ती फाइल आहे हेच माहीत नसेल तर तो मागणार काय?

लिस्टवर नाव आलं म्हणजे नोकरी जातेच असं नाही, पण सरकारी वकील साक्षीला बोलवेना झाला की त्या पोलिसाने केलेली अटक कोर्टात उभी करणं अवघड होतं, मग बऱ्याचदा त्याला टेबलावरचं काम देतात. म्हणून पोलिसांची तक्रार असते की आमचं ऐकून न घेताच नाव टाकतात, आणि ही तक्रार खोटी नाही. न्यू हॅम्पशायरने २०२१ च्या कायद्याने यादी लोकांसाठी खुली केली आणि पोलिसाला नावाविरुद्ध कोर्टात जायची मुदतही दिली.