यंत्र झोपतं, कीर्द जागी राहते
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची आपल्या गणेशोत्सव मंडळासाठी वर्गणीच्या पावत्यांचं अ‍ॅप करते आहे. परवा तिने विचारलं, "मामा, डेटाबेस सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हरच नाही, तर नोंदी राहतात कुठे?"

नाव फसवं आहे. सर्व्हर असतोच. काम नसताना तो बंद होतो आणि तेवढ्या वेळाचं त्याचं भाडं पडत नाही, इतकंच. पण बंद यंत्रातल्या नोंदी शाबूत कशा राहतात, हे मला फार सुंदर वाटतं.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार झाला की लगेच कीर्दीत ओळ पडायची. दिवाणजी सवडीने त्यावरून खतावणीत ज्याचं त्याचं खातं मांडायचे. खतावणी भिजली तरी कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता यायची. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस तसाच वागतो. '500 रुपये जमा' ही नोंद आधी कीर्दीत, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये पक्की होते आणि मगच 'पावती झाली' असं उत्तर येतं. खतावणीची 8 किलोबाइटची पानं डिस्कवर नंतर उतरतात.

एरवी दोन्ही वह्या आणि दिवाणजी एकाच यंत्रात असतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या निऑन कंपनीने त्यांची फारकत केली. कीर्दीची नोंद सेफकीपर नावाच्या तीन यंत्रांकडे जाते. दोघांनी होकार दिला की ती पक्की. पुढे पेजसर्व्हर तिच्यावरून पानं मांडतो. प्रत्येक नोंदीचं कीर्दीतलं स्थान एका आकड्याने ठरतं, त्याला एलएसएन म्हणतात. पोस्टग्रेस चालवणारं यंत्र मागतं: अमुक पान, तमुक एलएसएनपर्यंतचं. पेजसर्व्हर पानाची जुनी प्रत काढतो, मधल्या नोंदी तिच्यावर चढवतो आणि पान हाती देतो. त्या यंत्राकडे जपण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून ते खुशाल बंद करता येतं. कुणी चुकून अख्खा तक्ता पुसला, तर इतिहास जपण्याची मुदत संपेपर्यंत पुसण्याआधीच्या एलएसएनची पानंही मागता येतात!

पाच मिनिटं कुणी फिरकलं नाही की हे यंत्र झोपतं; जागं व्हायला साधारण काही शे मिलिसेकंद लागतात. भाद्रपदात झुंबड आणि एरवी शुकशुकाट, अशा मंडळाला हे सोयीचं आहे. दिवसरात्र वर्दळ असेल तर नेहमीचं यंत्र भाड्याने घ्यावं, ते बहुधा स्वस्त पडतं.

'अमर्याद वाढ' या जाहिरातीवर विसंबू नका. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या सर्व्हरलेस डेटाबेसमध्येसुद्धा नोंदी विभागांत वाटलेल्या असतात आणि एका विभागाला सेकंदाला 1 किलोबाइटची 1000 लेखनंच झेपतात. नोंद कुठल्या विभागात जाईल ते तिच्या 'की'वरून ठरतं; सगळ्या पावत्या एकाच 'की'खाली कोंबल्या तर तिथेच दाटी होते. 'कायम मोफत'चंही तेच: प्लॅनेटस्केल या डेटाबेस कंपनीने आपली मोफत योजना एप्रिल 2024 मध्ये बंद केली.

अंतराचाही हिशेब करा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. अ‍ॅप मुंबईत आणि डेटाबेस 13,000 किलोमीटरवर व्हर्जिनियात असेल, तर एका प्रश्नाच्या जाण्यायेण्यातच किमान 130 मिलिसेकंद जातात. एकामागून एक पाच प्रश्न म्हणजे 650.

भाचीचा डेटाबेस मात्र झोपतच नव्हता. 'साइट चालू आहे ना' हे तपासणारी एक सेवा तिने जोडली होती. ती दर मिनिटाला डेटाबेसला हलवून जागं करत होती. ती तपासणी तिने डेटाबेसला हात न लावणाऱ्या नुसत्या मुखपृष्ठावर नेली. त्या रात्री वापराचा आलेख पहिल्यांदा शून्यावर आला.