हिरवा लॅपटॉप वेगळा, आकाश वेगळा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत येऊरच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी जुने लॅपटॉप, टॅब्लेट गोळा करायचं ठरलं, तेव्हा मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "म्हणजे ते शंभर डॉलरवालं आकाशच की!" चारपाच जणांनी माना डोलावल्या. ही गल्लत मी बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे. एक शंभर डॉलरचा लॅपटॉप, दुसरा आपल्या सरकारचा आकाश टॅब्लेट. दोन्ही स्वस्त, दोन्ही गरीब घरच्या मुलांच्या नावाने आलेली, दोन्ही आता नजरेआड गेलेली. पण ती एक वस्तू नव्हे.

शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणजे एक्सओ. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली. हिरवा-पांढरा, सशासारखे दोन कान असलेला. ते कान म्हणजे वायफायचे अँटेना. कीबोर्ड अखंड रबराचा, धूळपाणी आत शिरू नये म्हणून. पडदा भर उन्हातही वाचता येणारा, कारण शाळा झाडाखालीही भरते हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. वीज अगदी थोडी लागायची. पहिल्या नमुन्याला हाताने फिरवायचा दांडाही होता, विक्रीला आलेल्या यंत्रात तो नव्हता. वापरणार कोण, तर सहा ते बारा वर्षांचं मूल. शंभर डॉलरचा आकडा मात्र गाठताच आला नाही. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत दोनशेच्या आसपास होती, म्हणजे तेव्हाचे साधारण ८ हजार रुपये.

आकाश आला ऑक्टोबर २०११ मध्ये, कपिल सिब्बल मनुष्यबळ विकास मंत्री असताना. डेटाविंड कंपनीचा सात इंची टॅब्लेट, सरकारला २,२७६ रुपयांना पडलेला. तो लहान मुलांसाठी नव्हताच, तो होता कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. रॅम दोघांचीही २५६ एमबी. पण एक्सओचं 'शुगर' हे सॉफ्टवेअर तेवढ्यात बसेल असं मुद्दाम घडवलेलं होतं, तर आकाशवर नेहमीचं अँड्रॉइड. त्याचा पडदाही नुसतं बोट टेकवून चालायचा नाही, दाबावं लागायचं. एकाची आखणी मुलापासून सुरू झाली, दुसऱ्याची किमतीपासून. माझ्या मते खरा फरक हाच.

भारत सरकारने २००६ मध्ये एक्सओ घ्यायला नकार दिला. तरी पुढच्याच वर्षी तो इथे आला, आणि आपल्या अगदी जवळ. ठाण्याहून कर्जत लोकल धरली की ज्या तालुक्यात उतरतो, तिथल्या खैराट गावच्या शाळेत. पहिली ते चौथीची बावीस मुलं आणि शिक्षक एकच. एका गुरुजींवर चार इयत्ता असतात तिथे लॅपटॉप शिकवणीची जागा घेत नाही. तो त्या गुरुजींनाच आधी शिकावा लागतो. पेरूने काही लाख एक्सओ वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेल्याचं दिसलं नाही. उरुग्वेने २००७ पासून यंत्रांबरोबर शाळांना इंटरनेट दिलं, दुरुस्तीची सोय उभी केली, आणि त्यांची योजना टिकली.

हे सगळं मला येऊरच्या अभ्यासवर्गात समोर दिसतं. आम्ही दिलेले अकरा टॅब्लेट. खोलीत एकच बोर्ड, त्याच्या एकुलत्या एका सॉकेटवर पंखा. चार्जिंगला टॅब्लेट लावायचा तर पंखा बंद, म्हणून मे महिन्यात मुलं आळीपाळीने पाठ्यपुस्तकाने वारा घालत बसली होती. तीन महिन्यांत चार टॅब्लेटच्या चार्जिंगच्या पिना सैल झाल्या. गावदेवीजवळच्या दुकानात नेले, तर दुकानदाराने एकेक उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे मॉडेल बंद झालंय, पिन मिळायची नाही." यंत्र फुकट मिळालं होतं आणि दीडशे रुपयांच्या पिनेवाचून अडलं.

म्हणून आता कोणी जुना टॅब्लेट द्यायला आला, की त्याची किंमत किती होती हे मी विचारत नाही. चार्जर आहे का, पिन अजून बाजारात मिळते का, मराठी टाइप होतं का, एवढंच विचारते. त्या काकांनी मागच्या रविवारी आपला टॅब्लेट आणून दिला. सोबत मूळ चार्जर होता, आणि सहा सॉकेटचा नवा एक्स्टेन्शन बोर्ड.