लकी पिन आणि गळालेले तीन बिट

गेल्या महिन्यात भाच्यानं महात्मा गांधी रोडवरून नवा फोन घेतला. खोकं उघडून तासही झाला नसेल, तोच ताईच्या ओळखीतल्या एका अंकज्योतिषाचा सल्ला आला: मुलाचा मूलांक नऊ, तेव्हा पिनच्या अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत करत गेल्यावर, शेवटी नऊच यायला हवी. भाच्यानं तसा पिन ठेवलाही. अख्ख्या घराला ते माहीत, शेजारच्या काकूंनाही. मी ओरडलो तर म्हणतो, "मामा, पिन कुठे सांगितलाय? नुसती बेरीज सांगितली."

ही 'नुसती बेरीज' किती महाग पडते ते चक्क मोजता येतं. मोजपट्टी अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननची, १९४८ सालची. निरोपाचा अर्थ काय, तो महत्त्वाचा की फालतू, हे सगळं त्यानं बाजूला ठेवलं. निरोप कळल्यावर तुमची अनिश्चितता जितकी घटली, तितकी माहिती तुम्हाला मिळाली, एवढंच त्याचं म्हणणं. नाणं उडवलं आणि छापा की काटा ते कळलं, तर मिळाला एक बिट.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निघालेलं नोटांचं कोरं बंडल हातात घ्या. पहिल्या नोटेचा नंबर वाचला की पुढचे न बघता म्हणून दाखवता येतात, म्हणजे ते वाचून हाती जवळपास काहीच लागत नाही. पण खराब छपाईच्या बदली घातलेली, नंबरात तारा असलेली नोट मध्येच निघाली की बोट थबकतं. त्या बंडलातली बरीचशी माहिती त्या एका नोटेत असते.

आता पिन. चार अंक, म्हणजे १०,००० शक्यता. हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारत दरवेळी निम्म्या शक्यता उडवल्या तर तेरा-चौदा प्रश्नांत पिन हाती येतो. नेमका आकडा हवा असेल तर १०,००० चा २ या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा: १३.२९ बिट. बेरीज नऊ हवी म्हटलं की उरतात फक्त नऊनं भाग जाणाऱ्या संख्या. शाळेतली विभाज्यतेची कसोटी आठवा. ०००० सोडून त्या भरतात १,१११, म्हणजे १०.१२ बिट. ज्योतिषाच्या एका वाक्यानं ३.१७ बिट चोराच्या पदरात पडले. ग्रहांनी त्या बदल्यात काय दिलं, ते कुठल्याच लॉगॅरिदमनं मला काढता आलं नाही. जन्मसाल पिन म्हणून ठेवणारे तर याहून उदार: शंभर वर्षांची सालं धरली तरी सात बिटही भरत नाहीत.

पण शॅननचं मला सर्वांत आवडणारं काम याच्या पुढचं, १९४९ मध्ये छापून आलेलं. समजा भाचा शेअर रिक्षात बसलाय आणि ताईला फोनवरून पिन सांगायचाय, ४७२५. रिक्षातले सगळे कान देऊन ऐकताहेत. दोघांनी घरीच चिठ्ठ्या काढून एक किल्ली ठरवलीय: ८१५३. तो अंकाखाली अंक मांडतो आणि हातचा न धरता बेरीज करतो. ४ आणि ८ बारा, त्यातले दोन ठेवायचे; ७ आणि १ आठ; २ आणि ५ सात; ५ आणि ३ आठ. तो मोठ्यानं सांगतो, २८७८. ताई घरी किल्ली वजा करते.

ऐकणाऱ्याला काय कळलं? पिन ११११ असेल का? असू शकतो, किल्ली १७६७ असेल तर. कुठलाही पिन घ्या, त्याला २८७८ पर्यंत नेणारी नेमकी एकच किल्ली सापडते, आणि सगळ्या किल्ल्या सारख्याच संभाव्य आहेत. म्हणून ऐकण्याआधीची शंका ऐकल्यावरही तशीच्या तशी राहते. मिळालेली माहिती शून्य बिट. इथं महासंगणकही हात टेकेल, कारण शोधायला काही उरलेलंच नाही. मात्र काकूंकडून आधीच कळलेले ३.१७ बिट चोराकडे राहतातच. ते काही हे कूट परत आणत नाही.

अट एकच, पण जाचक: किल्ली निरोपाइतकी लांब, अगदी यादृच्छिक (चिठ्ठ्या काढल्यासारखी) आणि एकदाच वापरायची. भाच्यानं त्याच किल्लीनं दुसरा पिन, १३५०, सांगितला तर रिक्षात ऐकू येईल ९४०३. ऐकणाऱ्यानं हातचा न धरता २८७८ मधून ९४०३ वजा केले की येतात ३४७५. आता ४७२५ मधून १३५० तसेच वजा करून बघा. तेच. किल्ली मधल्या मध्ये गळाली! सोव्हिएत हेरखात्याच्या किल्ल्यांची काही पानं अशीच दोनदा वापरली गेली आणि अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पात त्यांचे बरेच निरोप फुटले.

एवढ्या लांब किल्ल्या रोज कोण पोचवणार? म्हणून फोनमधलं कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, साधारण १२८ किंवा २५६ बिटांच्या छोट्या किल्लीवर भागवतं. ते फोडणं तत्त्वतः शक्य असतं; फक्त त्याला लागणारी गणितं कोणाला झेपत नाहीत. जाहिरातीतलं 'मिलिटरी ग्रेड' म्हणजे बहुतेक वेळा हेच.

शेवटी भाच्यानं शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, वाचायची, परत टाकायची, असं चारदा. हात डब्यात असतानाच त्यानं विचारलं, "मामा, बेरीज नेमकी नऊच आली तर? पुन्हा काढू?"

नको. 'बेरीज नऊ नाही' एवढं कळलं तरी चोराला ०.१७ बिट मिळतात.