शिल्लक शून्य, की नोंदच नाही?

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात व्यापाऱ्याचा फोन येतो. ‘पांढऱ्या काठाचा माल आहे का?’ संगणक सांगतो, शून्य. आता हे शून्य कसलं? माल संपला असेल तर पुन्हा मागावर घेता येईल. असा टॉवेल आपण कधी विणलाच नसेल, तर बोलणंच वेगळं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळलाच पाहिजे.

असा साठा ‘मॅप’मध्ये ठेवतात. डिझाइनचं नाव ही किल्ली आणि शिल्लक नग ही तिची व्हॅल्यू. किल्ली आहे का, हे बघायला संगणक सगळी यादी चाळत बसत नाही. नावातल्या अक्षरांवरून तो एक आकडा काढतो, त्यावरून खाना ठरवतो आणि फक्त तिथेच डोकावतो. याला हॅशिंग म्हणतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ही कल्पना एका अंतर्गत टिपणात मांडली होती. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा मॅपला हॅशमॅप म्हणतात; त्यात सुरुवातीला १६ खाने असतात. नोंदी १२ च्या पुढे गेल्या की खाने ३२ होतात. म्हणून डिझाइनं शंभर असोत वा लाख, शोधायला साधारण सारखाच वेळ लागतो.

पण आकडा जुळला म्हणजे किल्ली सापडली असं नाही. जावा पहिल्या अक्षराच्या क्रमांकाला ३१ ने गुणून त्यात पुढच्याचा क्रमांक मिळवते. कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, स्मॉल ‘ए’ म्हणजे ९७. ही जोडी घेतली तर ६५ गुणिले ३१ अधिक ९७, म्हणजे २११२. आता दोन कॅपिटल ‘बी’ घ्या: ६६ गुणिले ३१ अधिक ६६. तेही २११२! त्यामुळे खान्यात पोचल्यावर मूळ किल्ली ताडून बघावीच लागते. खरा निवाडा तिथे होतो.

मराठीत तर आणखी एक पेच आहे. ‘पांढऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र आणि हलंतानंतर न दिसणारं जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मॅपच्या लेखी त्या दोन वेगळ्या किल्ल्या. गोदामात माल पडून आणि संगणक म्हणतो, नाही! नोंद करताना आणि शोधताना दोन्ही वेळा नाव एकाच साच्यात आणून घ्यावं, एवढी काळजी मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी घ्यायलाच हवी.

आता विचारायचं कसं? पायथनमध्ये ‘इन’ लिहून सरळ विचारता येतं. जावात नुसतं ‘गेट’ केलं तर किल्ली नसताना ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो. पण हॅशमॅपमध्ये व्हॅल्यूच नल असू शकते, म्हणून शंका असेल तिथे ‘कंटेन्सकी’ वापरावं. सी प्लस प्लसमध्ये चौकटी कंसातून नुसतं वाचायला गेलात तरी नसलेली किल्ली तयार होऊन बसते. विचारल्यानेच नोंद व्हावी, हे मला पटत नाही. तिथे आधी ‘फाइंड’ किंवा ‘काउंट’ वापरत, २०२० च्या आवृत्तीत ‘कंटेन्स’ आलं. मला सगळ्यात आवडते ती ‘गो’ भाषेची रीत: एकाच फेरीत ती शिल्लकही देते आणि किल्ली होती की नव्हती, हेही वेगळं सांगते.